तुपाची धार घातलेला आमरस की बीटा-कॅरोटिनची गोळी?

निपाणीकडं आमरसावर तुपाची धार नसली तर जेवण पुरं वाटत नाही. त्यामागं शास्त्रही आहे. आंब्याला केशरी रंग देणारं बीटा-कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही. थोडं तूप-तेल सोबत असलं की ते आतड्यातून सहज आत जातं. रस काढताना पेशी फुटतात, तरी काही भाग गरातच अडकून राहतो.

कॅप्सूलमध्ये ते बहुधा तेलात मिसळलेलंच असतं, म्हणून जास्त मिळतं आणि एकदम मिळतं. शोषणात गोळीच पुढं, हे मान्य. पण जास्त शोषलं म्हणजे जास्त भलं झालं, असं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं. आमच्या या तंबाखूच्या पट्ट्यात बिडी ओढणाऱ्या एखाद्या काकांना कुणी ‘डोळ्यांना चांगली’ म्हणून ही गोळी देऊ लागलं, तर मी आडवा येईन. आमरसाला माझी ना नाही.

मधुमेह असेल तर वाटी लहान घ्या. रसातली साखर तुपाची वाट बघत नाही.