आधी तक्ता की आधी बोली?

कथेतलं पात्र उभं करायला काहीजण आधी तक्ता भरतात: वय, गाव, शिक्षण, आवडती भाजी. कादंबरीत त्याचा उपयोग नक्की होतो. तिसऱ्या प्रकरणातली पन्नाशीची मावशी दहाव्यात चाळिशीची होत नाही. पण तक्ता बोलत नाही.

मी आधी कान लावते. ‘खंय चललंस?’ म्हटलं की मालवणी माणूस समोर येतो, ‘कुठं निघालास रं?’ म्हणणारा कोल्हापूरकडचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो काय टाळतो. ज्याच्या मुलाची नोकरी गेलीय तो बाप पावसापाण्याबद्दलच बोलत राहतो, तेव्हा मला तो खरा वाटतो. ते टाळणं कुठल्याच रकान्यात मावत नाही. लघुकथेला मी तक्ता करतच नाही. कादंबरीला करते, पण पात्र बोलू लागल्यावर.