१७५ की १२५? जुनी जॅझ गिटार घेताना

जॅझ वाजवणाऱ्याला जुनी पोकळ गिटार म्हटलं की बहुतेक एकच आठवते, गिब्सनची ईएस-१७५. जो पास, जिम हॉल, हर्ब एलिस, पॅट मेथिनी... ज्यांना ऐकून आपण या नादाला लागलो, त्यांच्या हातात हीच असायची. मग भाव बघून घाम फुटतो, आणि कुणीतरी कानाशी लागतं, "अरे, ईएस-१२५ घे. तीच गिटार, निम्म्या पैशांत." हे अर्धं खरं आहे.

खरं आहे तेवढं आधी सांगतो. दोन्ही मिशिगनमधल्या कॅलमाझूच्या कारखान्यातल्या. ईएस म्हणजे 'इलेक्ट्रिक स्पॅनिश'. आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रांमध्ये मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती हवाईयन, आणि ही अंगाशी धरायची, म्हणून स्पॅनिश. १२५ आली १९४१ मध्ये. युद्धात बंद पडली, १९४६ ला परतली आणि १९७० पर्यंत निघत राहिली. १७५ आली १९४९ मध्ये, किंमत १७५ डॉलर, म्हणून तेच नाव. दोन्हींचं अंग सुमारे १६ इंच रुंद आणि आतून पूर्ण पोकळ, तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, घोडी चिकटवलेली नाही, नुसती तारांच्या दाबाने उभी. १९५७ च्या आधीच्या १७५ वर पिकअपसुद्धा, म्हणजे तारांचं कंपन अॅम्पकडे पोचवणारं चुंबकसुद्धा, १२५ चंच, एका वेटोळ्याचा पी-९०. १७५ च्या बरोबरीने १२५ एकाच अॅम्पवर मला डोळे मिटून ऐकवली, तेव्हा मी दोनदा चुकलो.

आणि दोन्ही मेपलच्या प्लायच्या. 'प्लाय' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातलं कपाट येतं, पण या गिटारचा स्वभावच प्लायमुळे आहे. सूर ठक्कन उमटतो, लगेच विरतो, मागे फारशी गुंज ठेवत नाही, आणि अॅम्पजवळ अखंड लाकडातून कोरलेल्या गिटारइतकी लवकर किंचाळत नाही. स्प्रूसच्या कोरलेल्या छातीची हवी असेल तर गिब्सनचीच एल-५ सीईएस आहे, १९५१ पासूनची, वेस माँटगोमेरीची. ती वेगळी जात आणि वेगळा खिसा. मुंबईच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात कोरीव छाती फुगते, तारा वर उचलल्या जातात. प्लाय त्यामानाने गप्प बसते. मान मात्र अखंड लाकडाची, त्यामुळे जुलैत मानेतल्या दांडीला, ट्रस रॉडला, हात लावावा लागतो, तो दोन्हींना.

आता खोटं अर्धं. १७५ चा एक खांदा टोकदार कापलेला आहे, साध्या १२५ ला तो काप नाही. मान दोन्हीकडे चौदाव्या पडद्याशी अंगाला मिळते, पण १२५ वर तिथे पंजा खांद्यावर आदळतो. गायिकेला साथ, कॉर्ड्स, रिदम एवढंच करत असाल तर वर्षभरात तुम्हाला हे जाणवणारही नाही. बीबॉपच्या धावत्या ओळी वाजवत असाल तर पहिल्याच संध्याकाळी जाणवेल. आपलीच चार रेकॉर्डिंग्ज ऐका आणि हात चौदाव्याच्या पुढे किती वेळा गेला ते मोजा. बाकी १७५ चे दुहेरी तिरपे चौकोन आणि मानेची किनार, १२५ चे साधे ठिपके, हा नुसता कपड्यांचा फरक. त्याचेही पैसे पडतात.

दुसरी वाट फुटते १९५७ ला. त्या वर्षी १७५ ला हंबकर मिळाले, दोन वेटोळ्यांचे, घरघर मारणारे पिकअप. १२५ शेवटपर्यंत पी-९० वरच राहिली. पी-९० ला धार आहे, हलक्या बोटाला हलका सूर आणि दाबलं की गुरगुर. मला तोच आवडतो. पण घरात ट्यूबलाइट, डिमर आणि कॉम्प्युटर यांच्या मधोमध बसून रेकॉर्ड करणार असाल, तर त्याची घरघर रात्री झोपू देणार नाही. मग हंबकरची १७५ घ्या, आणि जुनीच हवी हा हट्टही जरा सैल करा, कारण १९८० च्या दशकातल्या १७५ वाजवायला उत्तम असतात.

संग्राहकाचं गणित निराळं. 'पेटंट अप्लाइड फॉर' चिठ्ठीच्या हंबकरची, दोन पिकअपची १७५ डी आज महाग आहे ती बरीचशी त्या पिकअपमुळेच. ती जोडी सुटी काढूनही हजारो डॉलरला जाते, म्हणून कित्येक गिटारी पोखरल्या गेल्या. त्यामुळे आधी डाग बघा, सोल्डर कुणी पुन्हा वितळवलंय का. पॉटच्या, म्हणजे आवाज आणि टोनच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचा आकडा वाचा. १३७ ने सुरू होत असेल तर तो सीटीएस कंपनीचा, १३४ असेल तर सेंट्रलॅब कंपनीचा, आणि शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. मला एकाने "सगळं मूळचं" म्हणून दाखवलेल्या गिटारमध्ये पॉट निघाले सत्तरच्या दशकातले. गिटार वाईट नव्हती, भाव वाईट होता.

गुंतवणूक म्हणून १२५ घेऊ नका. ती भरपूर बनली आणि तिला जॅझमधला मोठा नायक मिळाला नाही. तिचं नाव गाजवलं जॉर्ज थोरोगुडने, तेही ब्लूज-रॉकमध्ये आणि तिच्या पातळ अंगाच्या बहिणीवर. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने हे फायद्याचंच आहे.

वर्ष ठरवताना दोन गोष्टी. १९५२ ते १९६१ मधल्या गिटारच्या पोटात, एफ-आकाराच्या भोकातून दिसणाऱ्या शिक्क्यावर उलट्या क्रमाने इंग्रजी अक्षर असतं. झेड म्हणजे १९५२, वाय म्हणजे १९५३, असं करत क्यू म्हणजे १९६१. दुसरं, १९६५ च्या सुमारास नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी, सुमारे ४३ मिलिमीटर रुंदीवरून ४० वर आला. जाड बोटांच्या माणसाला हे तीन मिलिमीटर नक्की कळतात.

अमेरिकेतून भाऊ-वहिनीकडून मागवणार असाल, तर फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा आहे का ते विचारा. पन्नाशीतल्यांचा बहुधा असतो. ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, सीमेपार न्यायला कागद लागतात. बॅगेत घालून आणू, असं ठरवू नका.

मी स्वतः १२५ वर आहे. पैसे असते तर १९५६ च्या आतली, एकाच पी-९० ची १७५ घेतली असती. खांदा कापलेला, आवाज माझ्या आवडीचा, आणि हंबकरवाल्यांचा भाव अजून तिला लागलेला नाही.

कुठलीही बघायला जाल तेव्हा घोडीची उंची कमी-जास्त करणारी चाकं आधी बघा. ती तळाला टेकलेली आणि तारा तरीही उंच असतील, तर मान पडली आहे. तो खर्च मोठा असतो, भावातून वजा करून मागा. मग सेल्युलॉइडचा पिकगार्ड हुंगा. आंबट, झोंबरा वास आला किंवा जवळचा धातू हिरवा पडलेला दिसला, तर तो कुजायला लागलाय. त्याच दिवशी काढून वेगळा ठेवा, नाहीतर तारदान आणि पिकअपची झाकणंही जातील.