आधी एडीएन की थेट बीएसएन?

कॅलिफोर्नियातल्या भाचीचा प्रश्न: "मामा, कम्युनिटी कॉलेजातच एडीएन उरकू, की अ‍ॅनाटॉमी-मायक्रोबायॉलॉजीसारखे प्रवेशाआधीचे विषय इथं करून युनिव्हर्सिटीत बीएसएनला जाऊ?"

एडीएन म्हणजे नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट पदवी, बीएसएन म्हणजे चार वर्षांची बॅचलर. नर्सच्या परवान्याची परीक्षा दोन्हीकडे एकच, एनक्लेक्स-आरएन. एडीएन स्वस्त, कमाई लवकर. बीएसएन मग नोकरी सांभाळून ऑनलाइन. युनिव्हर्सिटीत जाताना खरी मारामारी जागांची. तिथं फिजिऑलॉजीतला एक 'सी'सुद्धा नडतो. कम्युनिटी कॉलेजातला कुठला विषय युनिव्हर्सिटी धरते ते 'असिस्ट' या कॅलिफोर्नियातल्या त्यासाठीच्याच संकेतस्थळावर ओळ न् ओळ ताडून बघायचं. तोंडी आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही. बरीच मोठी रुग्णालयं मात्र बीएसएनवालीच पसंत करतात. न्यूयॉर्कात तर २०१७ च्या कायद्यानं नव्या नर्सना १० वर्षांत ती पदवी घ्यावीच लागते.

घरभाडं डोक्यावर असेल तर एडीएन. गुण भक्कम, घरचा आधार आणि पुढं एमएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या मास्टर्सचा, विचार असेल तर युनिव्हर्सिटी.