इंजिन न उघडताच ‘हाफ इंजिन’चे 38 हजार घेतले

टोमॅटोचा सीझन भरात असताना पिकअप तीन दिवस उभी राहणं म्हणजे काय, हे नारायणगाव-ओतूर पट्ट्यातल्या गाडीवाल्यांना सांगायला नको. माझ्या त्याच घाईचा फायदा घेतला गेला. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

गाडीच्या तक्रारी दोन होत्या. रात्री उभी केली की सकाळी इंजिनखाली बशीएवढा काळा डाग पडायचा. आणि वाशीला माल उतरवून येताना रिकामी गाडीसुद्धा माळशेज चढायला दुसरा गिअर मागायची, मागे काळा धूर सोडायची.

हायवेलगतच्या एका गॅरेजला दाखवली. मेस्त्रीने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, वाफ आली. झाकण तोंडावर उलटं ठेवलं, ते उडून खाली पडलं. म्हणाला, “दादा, बॅक कंप्रेशन मारतंय. रिंगा गेल्यात. हाफ इंजिन केल्याशिवाय गाडी उभी राहणार नाही.” म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली इंजिनात उतरतोय, म्हणून इंजिन उघडून रिंगा आणि बेअरिंग बदलायचे. डोळ्यांसमोर झाकण उडालेलं पाहिल्यावर मी काय बोलणार? 15 हजार लगेच दिले, बाकीचे तिसऱ्या दिवशी गाडी घेताना. एकूण 38 हजार. पावती म्हणून वहीतला कागद मिळाला, त्यावर फक्त ‘इंजिन काम’. जुने पार्ट मागितले तर पिशवीत काही रिंगा आणि बेअरिंग बांधून दिले.

गाडी खरंच पळायला लागली. इंजिन धुऊन लख्ख दिसत होतं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी डाग पुन्हा तिथेच.

मग जुन्नरला गेलो, वडील ज्यांच्याकडे जीप न्यायचे त्या मेस्त्रीमामांकडे. त्यांनी मला बॅटरी हातात देऊन गाडीखाली झोपवलं. “चेंबरचे बोल्ट बघ.” चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. बोल्टच्या डोक्यांभोवती ऑइलने भिजून दगड झालेली माती तशीच बसलेली. डिझेलने धुतली तरी सांध्यातली निघाली नव्हती. पाना लागला असता तर ती पहिल्यांदा निघाली असती. चेंबर न काढता रिंगा बदलायच्या कशा? मग मामांनी पिशवी ओतायला लावली. चार सिलेंडर, प्रत्येक पिस्टनला तीन म्हणजे बारा रिंगा हव्यात. निघाल्या आठ, त्यातल्या दोन तर मापानेच वेगळ्या. मी इतके दिवस ती पिशवी उघडूनही बघितली नव्हती, याचं आजही वाईट वाटतं.

खरा बिघाड वरच होता. ब्रीदरचा पाइप काळ्या चिकट गाळाने चोंदला होता. इंजिनात थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो, तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. तो रस्ता बंद झाला की दाब सांध्यांच्या पॅकिंगवर येतो. माझ्या गाडीत टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या कव्हरच्या) मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरत होतं, इंजिनच्या पाठीवरून उतरून बेलहाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकत होतं. खालून बघणाऱ्याला क्रँक सील (तिथेच ऑइल अडवणारं सील) गेलंय असंच वाटावं. झाकण उडालं तेही याच दाबाने. मामांनी पाइप साफ करून झाकण पुन्हा उलटं ठेवलं, ते जागेवर नुसतं थरथरलं.

आणि गाडी पळायला का लागली? इंजिनात हवा नेणाऱ्या इंटरकूलरच्या होजवर एकच क्लिप नवी, चमकणारी होती. होज सुटून हवा बाहेर जात होती, म्हणून काळा धूर आणि ओढ कमी. म्हणजे त्या माणसाला तो दोष सापडला होता. त्याने तो दुरुस्तही केला, आणि पैसे घेतले न केलेल्या कामाचे. मला सगळ्यात जास्त हे लागलं. ब्रीदर, नवं पॅकिंग आणि मजुरी मिळून मामांनी 1,100 रुपये घेतले.

गळती दिसली की आधी इंजिन धुऊन सुकवा, रात्री खाली पुठ्ठा टाका आणि डाग बोटावर घेऊन बघा. काळं-तपकिरी ते इंजिन ऑइल. घट्ट आणि उग्र गंधकासारख्या वासाचं ते गिअर ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं ते कूलंट, ते चाटून बघू नका, विषारी असतं. लाल असेल तर बहुतेक स्टिअरिंगचं. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बुळबुळीत ओल दिसली तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी जागेवरून हलवू नका. ओल जिथे दिसते तिथेच गळती असते असं नाही. ऑइल उतरतं आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधा. हाफ इंजिन सांगितलंच, तर आधी ब्रीदर काढून दाखवायला सांगा. गाडी सोडण्याआधी चेंबरच्या दोन-तीन बोल्टवर रंगाचा ठिपका द्या आणि फोटो काढून ठेवा.

मी हायवेच्या त्या गॅरेजला परत गेलो तेव्हा तो मेस्त्री म्हणाला, “कागदावर कुठं लिहिलंय रिंगा बदलल्या म्हणून?” पक्कं बिल नाही, गाडी नंबर नाही, पार्टची यादी नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. सोबत तो कागद, आठ रिंगा आणि चेंबरच्या बोल्टचे फोटो जपून ठेवलेत.