प्लग्ड इन आणि ॲक्सिसची ईमेल: मराठी ख्रिस्ती आईबापांना किती कामाची?

आधीच सांगते, प्लग्ड इन ही वेबसाइट आणि ॲक्सिसची ईमेल, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही अमेरिकेतल्या आहेत आणि दोन्ही इंग्रजीत आहेत, त्यामुळे ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो त्यांनी घरातल्या कुणाला तरी धरून बसवावं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पालकांच्या ग्रुपवर सारखं कुणी ना कुणी विचारत असतं, अमुक पिक्चर मुलांनी बघितला तर चालेल का, तमुक ॲप कसलं आहे, पोरगी रात्री कुणाशी बोलते कळत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच चिकटवायचं. माझ्या घरी एक अकरावीत आणि एक नववीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

पहिलं प्लग्ड इन. ही फोकस ऑन द फॅमिलीची वेबसाइट, म्हणजे जेम्स डॉब्सन यांनी १९७७ साली काढलेली कोलोरॅडो स्प्रिंग्जवाली संस्था. पिक्चर, वेब सिरीज, गाणी, व्हिडिओ गेम, पुस्तकं, यूट्यूब चॅनल, सगळ्याचे रिव्ह्यू असतात. पण हे रिव्ह्यू पेपरात येतात तसे नाहीत, ॲक्टिंग कशी आहे, कॅमेरा कसा आहे यावर फार वेळ घालवत नाहीत. गोष्ट थोडक्यात सांगतात आणि मग एकेक कप्पा उघडतात: चांगलं काय आहे, देवाधर्माचं काय दाखवलंय, लैंगिक काय आहे, मारामारी किती, शिव्या किती, दारू-ड्रग्ज किती, आणि शेवटी त्यांचं मत.

शिव्यांचा कप्पा तर वाचण्यासारखाच असतो. अक्षरशः मोजलेल्या असतात हो! एफवाली एवढ्या वेळा, एसवाली तेवढ्या वेळा, देवाचं नाव व्यर्थ घेतलं एवढ्या वेळा, येशूचं नाव शिवीसारखं वापरलं तेवढ्या वेळा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच फुटलं, म्हटलं कोण बिचारा थिएटरात वही घेऊन बसत असेल. पण नंतर लक्षात आलं की मला नेमकं हेच पाहिजे असतं. पिक्चरला बाहेर सात स्टार असोत की दोन, माझा प्रश्न एवढाच की माझी मुलगी आणि तिची आजी एका सोफ्यावर बसून बघू शकतात का. बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते छापलेलं असतं ना, तसं आहे हे, खायचं की नाही ते आपण ठरवायचं.

ठरवायचं आपण, हे त्यांनी पाळलंय ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कॉमन सेन्स मीडिया म्हणून दुसरी साइट आहे, ती धार्मिक नाही, तिथे थेट वयाचा आकडा मिळतो, १० प्लस, १४ प्लस असा. घाईत असाल तर ती बरी पडते. पण आकडा दिला की पोरं आकड्याशी भांडतात, "मी पंधराची आहे ना, मग?" संपला विषय. प्लग्ड इनचं पान समोर ठेवलं की निदान बोलणं त्या सीनवर येतं.

आता जिथे माझं त्यांच्याशी जमत नाही ते. देवाधर्माच्या कप्प्यात ते सगळं टाकतात. ताईत, मंत्र, ध्यान, मूर्ती, पुनर्जन्माचा एखादा डायलॉग, काही सुटत नाही. टेक्सासच्या एखाद्या आईला ते ठीक असेल, तिच्या मुलाला हे पहिल्यांदा पडद्यावरच दिसत असेल. आमच्या सोसायटीत गणपतीचे दहा दिवस आरती खालीच असते, मुलांचे अर्धे मित्र ताटं घेऊन पळत असतात, माझ्या चुलत आत्याकडचे तर सगळे हिंदूच आहेत आणि दिवाळीला फराळाचा डबा येतोच. आपल्या मुलांना पडद्यावरचा दिवा बघून काही होत नाही. आणि रेव्हरंड टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणत वाढलेल्या मंडळीला कुठलं वाद्य कुठल्या धर्माचं हे अमेरिकेतून कुणी समजावायची गरज नाही. त्यामुळे तो कप्पा मी वाचते, पण आपल्या चाळणीतून. खऱ्या भुताखेतांच्या नादाला लावणारं काही असेल, प्लँचेट वगैरे, तेवढं उचलते, बाकीचं सोडते.

समलिंगी पात्रांचंही तसंच. फोकसचा समलिंगी संबंधांना असलेला विरोध जगजाहीर आहे आणि दोन मुली हात धरून एका कोपऱ्यात उभ्या असल्या तरी त्याची नोंद होते. तुम्हाला पटो न पटो, माहिती म्हणून ती मिळते. माझ्या मुलीला पटत नाही, त्यावर आमचं जोरदार वाजलंही आहे, पण ते आमच्या दोघींचं, साइटचा त्यात दोष नाही.

एक वॉर्निंग: अख्खी स्टोरी फोडतात. शेवटाला कोण मरतं ते मारामारीच्या कप्प्यात सरळ लिहिलेलं असतं. मी एकदा मोठ्याने वाचत होते तर नववीवाला कानावर उशी घेऊन पळाला.

आता दुसरं, ॲक्सिस, टीनएजर मुलांच्या पालकांसाठीची ख्रिस्ती संस्था. हेही कोलोरॅडोचेच, २००७ पासून आहेत. त्यांचा कल्चर ट्रान्सलेटर नावाचा साप्ताहिक ईमेल आहे, शुक्रवारचा, ईमेल आयडी टाकला की चालू. त्यात त्या आठवड्यात टीनएजर लोकांत काय गाजतंय अशा दोनतीन गोष्टी, एखादा नवीन शब्द, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलांना विचारायला एकदोन प्रश्न. प्लग्ड इन पिक्चर-गाणी-गेमपुरतं, हे मात्र मुलांच्या सगळ्या जगाचं.

याचा मला फायदा कसा झाला सांगते. आमच्या चर्चमध्ये पुलपिटच्या बाजूला लाकडी बोर्ड आहे, त्यावर त्या दिवशीच्या गीतांचे नंबर लावतात. एका रविवारी त्यावर ६७ लागलं आणि मागच्या दोन बाकांवर यूथची पोरं नुसती फिसफिसायला लागली, दोन्ही हात वर-खाली, वजन करतात तसे. पाळकसाहेब थांबले, वडील मंडळी वळून बघतायत, आमचे हे तर रागाने लाल. मला एकटीला माहीत होतं की हे ते "सिक्स सेव्हन" आहे, अमेरिकेत एका रॅप गाण्यातून आणि बास्केटबॉलच्या व्हिडिओंमधून सुरू झालेलं, ज्याला तसा अर्थच काही नाही, आणि डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ चा शब्द म्हणून तेच निवडलं. घाणेरडं काही नाही म्हटल्यावर उपासनेनंतर होणारा मोठा तमाशा टळला. दोघातिघा आयांना मी जिन्यातच सांगून टाकलं.

पण जेवताना मुलीला ईमेलमधला दुसरा एक शब्द वापरून प्रश्न विचारला तर ती चपातीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "मम्मी, प्लीज, हे आता कुणी म्हणत नाही." तर ते असं आहे, शब्द आईपर्यंत पोचेपर्यंत तो शिळा झालेला असतो. शब्द वापरायला जाऊ नका, फक्त कळू द्या. प्रश्न मात्र खरंच चांगले असतात, "तू हे बघतेस का" असं पोलिसी नाही, "तुझ्या वर्गात हे कुणाला खरं वाटतं का" अशा वळणाचे, त्यावर पोरं बोलतात. दुसऱ्यांबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल निघतंच.

त्यांचे पालकांसाठीचे गाइडही आहेत, एकेका ॲपवर, एकेका विषयावर, बायबलच्या वचनांसकट. स्नॅपचॅटवरचं वाचून मला स्ट्रीकचं प्रकरण नीट कळलं, की रोज फोटो नाही पाठवला तर सलग दिवसांचा आकडा शून्य होतो म्हणून पोरं कॅम्पला जाताना मित्राला पासवर्ड देऊन जातात. टिकटॉकवरचं सोडा, आपल्याकडे ते जून २०२० मध्येच बंद झालंय, पण रील्सला त्यातलं बरंच जसंच्या तसं लागू पडतं.

कमी काय आहे ते आता ऐका. आपलं जवळजवळ काही नाही. हिंदी वेब सिरीजमधल्या शिव्या मोजणारं कुणी नाही, मराठी तर लांबच. माझा मुलगा जे रोस्टवाले आणि गेमिंगवाले हिंदी यूट्यूबर बघतो त्यांचं नाव तिकडे कुणाला माहीत नसणार. आणि इथल्या ख्रिस्ती मुलांचा जो खास त्रास आहे, शाळेच्या ग्रुपवर धर्मावरून येणारे फॉरवर्ड, "तुम्हाला तांदळाच्या गोणीसाठी बाटवलं" छापाच्या कॉमेंट, त्याबद्दल अमेरिकन ईमेलमध्ये ओळसुद्धा मिळणार नाही, कारण तिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. हा कप्पा आपल्यालाच उघडायला लागेल. वायएमसीए, वायडब्ल्यूसीए सारख्या ख्रिस्ती संस्था, आपली यूथवाली मंडळी, कुणीतरी मराठीत महिन्याला दोन पानं काढली तरी खूप झालं. १८४२ पासून ज्ञानोदय हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक काढणाऱ्यांना हे जमू नये?

तोवर मी जुगाड करते. ईमेलमधलं कामाचं तेवढं मराठीत व्हॉइस नोट करून नगरला जाऊबाईंना पाठवते, त्या त्यांच्या महिला मंडळात ऐकवतात. स्क्रीनशॉट पाठवले तर कुणी उघडत नाही, अनुभव आहे.

आणि एक, हे दोन्ही वाचून फोनचं सेटिंग आपोआप बदलत नाही. इन्स्टाग्रामवर टीन अकाउंट भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, अकाउंट प्रायव्हेट, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ च्या आतल्यांना ते सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. पण पोराने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं, म्हणून आधी जन्मतारीख बघा.

माझ्याकडून प्लग्ड इनला ५ पैकी ४, ॲक्सिसच्या ईमेलला साडेतीन. मुलं दहाच्या आतली असतील तर प्लग्ड इन पुरे, ईमेल एवढ्यात नको, उगाच झोप उडेल. सातवी-आठवीपासून पुढे दोन्ही घ्या. दोन्हीकडे मधून मधून देणगी मागतात, दिली नाही तरी वाचता येतं. ईमेल दिसला नाही तर जीमेलच्या प्रमोशन्समध्ये बघा, तिथून उचलून प्रायमरीत टाकला की पुढचे तिथेच येतात.