हरभऱ्यावर एचएएनपीव्ही: औषध पास, दुकान नापास

एचएएनपीव्ही म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीला मारणारं विषाणूचं औषध. त्याला पाचपैकी चार तारे. दुकानाला एकही नाही, म्हणून नाव टाकत नाही.

दारव्हा तालुक्यात माझा तीन एकर हरभरा. मागच्या वर्षी घाटेअळीसाठी हेच विषाणूचं औषध आणलं. दुकानात बाटली दाराजवळच्या काचेच्या कपाटात, ऐन उन्हात. मीही शहाणा, फवारलं सकाळी अकराला. सहा दिवसांनी पाहतो तर अळ्या घाट्यात डोकं खुपसून निवांत! "भाऊ, पाणी इकलं का?" म्हणून भांडून आलो.

पुतणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकते. म्हणाली, "मोठेबाबा, हे अंगावर पडून मारत नाही. अळीनं खाल्लं पाहिजे." विषाणू प्रथिनाच्या दाण्यात बंद असतो. अळीचं आतडं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यासारखं अल्कली, त्यात दाणा विरघळतो. मग विषाणूचं वेष्टन आतड्याच्या पेशीच्या पडद्यात मिसळतं नि आतला ऐवज पेशीत उतरतो. तिथून पेशीच्याच ॲक्टिन धाग्यांच्या (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाच्या दोऱ्यांच्या) रेट्यानं केंद्रकापर्यंत, अन् पेशी स्वतःचं काम टाकून त्याच्या नकला काढत बसते. पुढच्या पेशी तर त्याला पिशवीत घालून स्वतःच आत ओढतात. पिशवीत आंबटपणा वाढला की तो सुटतो.

आमचा सालदार म्हणे, "म्हंजे जावईच झाला ना थो! बलावून आनाचा, वरून जेवाले घालाचं."

यंदा ताजी बाटली दुसरीकडून आणली. एकरी 200 एलई (अळ्यांच्या हिशेबात मोजलेली विषाणूची मात्रा), 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. उन्हानं विषाणू मरू नये म्हणून थोडी नीळ, अळीनं चवीनं खावं म्हणून थोडा गूळ. फवारणी सांजच्याला, अळ्या बारीक असतानाच. तिसऱ्या दिवशीही अळ्या वळवळत होत्या, शेजारी हसून गेला. सहाव्या दिवशी पाहिलं: अळ्या शेंड्यावर चढून खाली डोकं करून लोंबकळलेल्या, काळ्या पडलेल्या. एकीला काडी लावली तर कातडी फाटून नुसतं पाणी गळलं.

एक तारा कापला तो उशिरासाठी. मोठ्या अळीला तर हे पुरत नाही, तिच्यासाठी पक्षिथांबेच बरे, म्हणजे अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला रोवलेल्या काठ्या.

मेलेल्या अळ्या वाटून, गाळून पुन्हा फवारता येतात म्हणून डबीभर गोळा केल्या. फ्रिजमध्ये ठेवायला घरून सक्त मनाई झाली. सध्या डबी माठाखालच्या ओल्या रेतीत आहे.