महाभूमीचा डिजिटल सातबारा: सांगलीत राहून जतची जमीन सांभाळताना

सरकारी सेवांपैकी मनापासून शिफारस करावी अशी ही एक. आमचं घर सांगलीच्या गावभागात, आईची जमीन जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या सीमेलगत. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि आईनं इतकी वर्षं जपलेली उताऱ्यांची फाईल चिखलात गेली. पूर्वी असं झालं असतं तर एसटीनं जत गाठून तलाठी कार्यालयात नव्या नकला मागाव्या लागल्या असत्या. आता महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडायचा. खात्यात आधी भरलेल्या रकमेतून १५ रुपये वळते होतात आणि उतारा मोबाईलवर येतो. आठ-अ, म्हणजे गावातल्या आपल्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, सुद्धा तसाच काढता येतो.

डिजिटल सहीचा हा उतारा १ मे २०१८ पासून मिळतो. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीपुरता. हा मात्र सरकारी कामाला चालतो, त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. तरीही एका पतसंस्थेनं आईला ‘तलाठ्याचा शिक्का घेऊन या’ म्हणून परत पाठवलं. मी तिच्यासोबत गेले, उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक त्यांच्यासमोरच संकेतस्थळावर टाकला आणि तोच उतारा उघडून दाखवला. काम झालं. पण एकट्या गेलेल्या वयस्कर माणसाला हे कोण दाखवणार? शिक्का मागणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा, ही माझी कळकळीची विनंती.

यामागे केवढं काम आहे, ते आपल्या लक्षात येत नाही. गावोगावचे हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवायचे, मूळ नोंदींशी ताडायचे, चावडी वाचन, म्हणजे गावासमोर नोंदींचं जाहीर वाचन, घेऊन लोकांकडून चुका काढून घ्यायच्या. तलाठी आणि मंडल अधिकाऱ्यांनी हे केलं. पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयातून उपजिल्हाधिकारी रामदास जगताप यांनी ई-फेरफार (जमिनीच्या नोंदी आणि त्यातले बदल संगणकावर घेण्याच्या) प्रकल्पाचे राज्य समन्वयक म्हणून या कामाची धुरा वाहिली. महसूल कायदा आणि संगणक, दोन्हींची भाषा जाणणारा अधिकारी खात्यात असला की काय होतं, ते हा उतारा हातात घेतल्यावर कळतं. आपल्या जिल्ह्यातल्या वारणाकाठच्या काही गावांत खेड्यापर्यंत संगणक नेणाऱ्या वायर्ड व्हिलेज प्रकल्पाचे संगणक १९९८ मध्येच आले होते. दुष्काळी जतच्या शेतकऱ्यालाही आता संगणकाची सोय आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पैसे भरण्याआधी मात्र फुकटचा उतारा अक्षर न् अक्षर वाचा. जतकडे कन्नड वळणाची नावं घरोघरी आहेत. हस्तलिखितातली ‘गंगव्वा’ संगणकावर ‘गंगाबाई’ झालेली असू शकते, आणि वारस नोंद करताना तेच आडवं येतं. अशी लेखनातली चूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल अर्जाला जोडा.

सातबाऱ्याच्या गाव नमुना बारातलं, म्हणजे पिकांच्या भागातलं, पीक तेवढं सांगलीत बसून भरता येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवर पिकाची नोंद, आहे आणि पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. मला ते रास्त वाटतं. आमच्याकडे मामा काढतात. तुम्हीही हंगाम सुरू होतानाच गावाकडच्या कुणाला तरी सांगून ठेवा, कारण मुदत गेली आणि रकाना कोरा राहिला, तर नुकसानभरपाईच्या वेळी पीक होतं हे पटवून देणं अवघड जातं.